ग्लासभर बोरी

बसा.

जिथे असाल तिथेच. खुर्ची, ओटा, जिन्याची पायरी, काहीही चालेल. पाठ टेकली तरी हरकत नाही.

एक श्वास घ्या. सोडा.

नळदुर्ग मी तुमच्यापाशी आणते.

भाद्रपदाचे दिवस आहेत. वरचं बोरी धरण भरून वाहतंय. रात्री पाऊसही झाला आहे, त्यामुळे शिवारातले ओढे पहाटेपासून बोरी नदीला येऊन मिळताहेत. आपण किल्ल्याच्या अलीकडे, काठावर आहोत. इथे पाणी उथळ आहे, संथ आहे. पलीकडच्या लोंढ्याकडे जायचं नाही.

तुमच्या हातात काचेचा ग्लास आहे. टपरीवर चहाला असतो तसा, जाड बुडाचा.

वाका. ग्लास पाण्यात आडवा धरा. भरू द्या.

आता तो काळ्या दगडावर ठेवा आणि त्याच्यासमोर बसा.

एवढंच. बोरीचं ग्लासभर पाणी निवळताना बघायचं.

*

रंग बघा.

चहाचा म्हणावा तर चहाचा नाही. काळपट झाक आहे. उन्हाकडे धरला की तांबूस दिसतो. काळी झाक सखल शिवाराची, तांबूस माळावरच्या मुरमाची.

ग्लासापलीकडे बोट धरा. दिसत नाही.

बघत राहा.

पहिल्या चार-पाच श्वासांतच बुडाशी बारीक खर बसते. जड कण आधी खाली येतात.

ती रेती आहे. बोटांत चोळली तर करकरेल. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा चुरा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर आलेला तप्त रस होता, थरावर थर पसरलेला. तो निवला, काळा पत्थर झाला. मग ऊन, पाऊस, झाडांची मुळं. पत्थराचा मुरूम झाला, मुरमाची माती. बोटभर माती व्हायला कित्येक शतकं लागतात.

आणि इथे, तुमच्यासमोर, ती चार श्वासांत तळाला बसली.

थांबा जरा.

*

आता डोळे मिटा. ग्लास जागेवर राहील.

पाऊस ऐका. आठवणीतला कुठलाही.

आधी तो उघड्या रानावर पडतोय. पाळ्या घालून स्वच्छ केलेलं काळं रान, काडीही नसलेलं. ऐका. टप. टप. टप टप टप. थेंब वेगवेगळे ऐकू येतात. बोथट, जड.

आता तोच पाऊस गवतावर. आवाज एकदम बारीक होतो. नुसतं सर्र. थेंब मोजता येत नाहीत.

पुन्हा एकदा. आधी रान. मग गवत.

नदीचं जे काही बरंवाईट होतं ते या दोन आवाजांच्या मधल्या जागेत ठरतं, असं मला वाटत आलं आहे.

थेंबाच्या आणखी जवळ या. वळवाचा मोठा थेंब 5 मिलिमीटरचा असतो, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. जमिनीशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 9 मीटर असतो. तो ढेकळावर आपटतो. ढेकूळ फुटतं. कण उडतात, हातभर लांब जाऊन पडतात. त्यातले बारीक कण मातीच्या छिद्रांत शिरतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो.

आता पाणी मुरत नाही. ते उतार शोधायला लागतं.

खेड्यातल्या घराची बाहेरची भिंत डोळ्यांपुढे आणा. वर पांढरा चुना, खाली मातीचे शिंतोडे, गुडघ्याच्या उंचीपर्यंत. ते पावसाने उडवलेले. पाऊस थांबल्यावर तुरीचं अगदी खालचं पान उलटून बघा. त्याच्या पाठीलाही माती लागलेली असते.

पावसाचा थेंब वरून येतो. माती मात्र खालून वर उडते, आणि पडते तेव्हा थोडी उताराच्या बाजूला पडते. पुन्हा थेंब, पुन्हा थोडी खाली. अजून तर पाणी वाहायलाही लागलेलं नाही.

श्वास घ्या. सोडा.

*

बांधावर चला. मनानेच.

पायाशी हरळी आहे. तिचा एक धागा चिमटीत धरा. ओढा, हलकेच.

येत नाही.

अजून थोडा ओढा. एका पेऱ्याशी सुटतो, दुसऱ्या पेऱ्याशी अडतो. पेऱ्यापेऱ्याला तिने मूळ सोडलेलं आहे. एखादं मूळ उपटून आलंच तर ते मातीसकट येतं. मातीचे कण मुळाच्या केसांना चिकटलेले असतात, मण्यांसारखे. बोटाने झटकले तरी पडत नाहीत.

तिथेच नजर ठेवा. मुळाच्या केसाला धरून बसलेला एक कण.

पिकात शिरली की हरळी जीव नकोसा करते. शेतकरी तिला वैतागतो, त्यात त्याचं काही चूक नाही. पण बांधावर तीच बांध धरून असते. बांधावरची हरळी जाळून, खरवडून साफ केली की पुढच्या मोठ्या पावसात बांध फुटतो, हे इथे शेती करणाऱ्या कुणालाही विचारा.

थोडं वर, माळावर या. कुसळी गवत आहे, तरवड आहे, मधून मधून बोरी, बाभळी, हिवर. पाय जपून टाका.

गवताच्या एखाद्या ठोंबाशी खाली बसा. तो जमिनीला टेकलेला नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा आहे, चार बोटं उंच, कुठे वीतभर. भोवतीची जमीन खाली आहे.

गवत वर चढलेलं नाही. भोवतीची माती गेली आहे. मुळांनी धरली तेवढी राहिली.

तुमचं बोट त्या उंचवट्याला उभं लावा. किती पेरं भरतात ते बघा. हीच माती आता ग्लासात आहे.

उंच झाड पाहिलं की आपल्याला वाटतं, आता माती सुरक्षित. तसं नसतं. उंच पानांच्या टोकावरून गळणारे थेंब आणखी मोठे असतात, आणि आठ-नऊ मीटरवरून पडले की त्यांचा वेगही जवळपास तेवढाच होतो. झाडाखालची जमीन झाडून लख्ख असेल, तिथे ना पाला ना गवत, तर झाडाखालूनही माती जाते. जमिनीलगतचं जे असतं, पाचोळा, गवत, वेल, वाळकी काडी, ते थेंबाला झेलतं.

पायाखालचा पाचोळा ऐका. कुरकुरतो, मग ओलसर होतो, मग आवाज थांबतो.

*

ग्लासाकडे वळा.

वरच्या दोन बोटांइतकं पाणी जरासं फिकं झालं आहे. मघाच्या खरीवर आता मऊ थर आहे, पिठासारखा. हा रेतीहून बारीक, चिकणमातीहून जाड असा गाळ. शिवारातून आलेला.

या शिवाराला आधी उन्हाळ्यात बघा.

वैशाख. काळं रान भेगाळलेलं. भेगेत हात जातो, कुठे कोपरापर्यंत. जमीन आ वासून पडलेली आहे. माळावरचं गवत जनावरांनी केव्हाच संपवलंय. जे उरलं ते उन्हाने.

मग एका दुपारी आभाळ भरून येतं. वळीव.

पहिलं पाणी भेगा पितात. गटागटा. तो वास येतो. तोही घ्या, मनातल्या मनात.

मग माती फुगते. भेगा मिटतात. काळ्या मातीचा तो स्वभावच आहे. ओली झाली की ती दार लावून घेते. त्यानंतरचं पाणी वरच्या वर धावतं. आधी अंथरलेल्या चादरीसारखं पातळ, दिसतही नाही. मग बोटभर रुंद ओघळी. ओघळी एकत्र होतात, घळ पडते. घळीला एकदा तोंड फुटलं की ती दरवर्षी वरच्या बाजूला सरकते, शेत खात.

गवत अजून उगवलेलं नाही. पीक पेरलेलं नाही. पाऊस मात्र आलेला आहे. वर्षातले हे पंधरा-वीस दिवस मला फार हळवे वाटतात.

रब्बीच्या ज्वारीसाठी राखलेलं रान तर पुढे भाद्रपदापर्यंत तसंच उघडं असतं. तण राहू नये, ओल टिकावी म्हणून पाळ्यांवर पाळ्या. ही पद्धत जुनी आहे, शहाणपणाची आहे, आणि तिची किंमत मातीने मोजलेली आहे. इथून जवळच सोलापूरला 1933 मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली. त्यातला मोठा भाग याच कोड्याचा होता: पाणी आणि माती दोन्ही त्याच रानात कशी थांबवायची. समपातळीतले बांध, उताराला आडवी पेरणी, आडवी पाळी. पाण्याने धावू नये, चालावं. दर दहा पावलांवर थांबावं.

तुमचा श्वासही तसाच येऊ द्या. चालत.

*

1958 साली लँगबीन आणि शूम या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधी गोष्ट आलेखावर मांडली. जिथे पाऊस फारच कमी, तिथे माती वाहून न्यायला पाणीच नसतं. जिथे पाऊस भरपूर, तिथे रान दाट असतं, ते माती सोडत नाही. सगळ्यात जास्त माती जाते ती मधल्या, अर्ध्या कोरड्या मुलखातून. पाऊस आहे, पण बाराही महिने अंग झाकेल इतकं गवत नाही.

सह्याद्रीच्या पलीकडे ढग आपलं बरंचसं ओझं उतरवून येतात. आपण इथे, पर्जन्यछायेत, त्या मधल्या मुलखाच्या जवळपास बसलेले आहोत.

आणि पाऊस दरवर्षी सारखा येत नाही. 1972 येतं. 2015 येतं. गवताची मुळंसुद्धा सुकतात. मग दुष्काळाच्या पाठीवर पाऊस येतो, तो उघड्या जमिनीवर.

कधी तो उशिरा येतो. ऑक्टोबर 2020 मध्ये परतीच्या पावसाने धाराशिव जिल्ह्यात असाच धुमाकूळ घातला. सोयाबीन काढून झालेलं, काही ठिकाणी गंजी लागलेल्या. रानं मोकळी. पंचनाम्यात अशा जमिनीला एक शब्द आहे.

खरडून गेलेली जमीन.

हा शब्द हळू म्हणा. एकदाच. खरडून गेलेली.

तिथे खाली काय दिसतं ते बघा. पांढरट चुनखडीचे खडे. मुरमाचा तांबडा पट्टा. गेल्या वर्षीच्या तुरीचं एक खोड, मुळं बाहेर, हवेत बोटं पसरल्यासारखी.

काही बोलू नका. बघत राहा.

*

उठा. आता किल्ल्यात.

बोरी इथे काळ्या पत्थराच्या उंचवट्याला वळसा घालते. त्या उंचवट्यावर नळदुर्ग आहे, पलीकडच्या टेकडीवर रणमंडळ. दोहोंना जोडणारी भिंत नदीत उभी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 मध्ये बांधलेली. भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे.

पायऱ्या उतरा. भिंतीला हात लावत. दगड गार आहे.

महालात या. खिडकीशी उभे राहा.

डोक्यावरून पाणी जातंय. समोर पाण्याचा पडदा. सांडव्यांवरून कोसळणाऱ्या या दोन धारांना इथली माणसं नर आणि मादी म्हणतात. आत तुमचं अंग कोरडं आहे. छाती मात्र थरथरते, कारण तो आवाज कानांत नाही, दगडात आहे.

तळवा भिंतीला टेकवा. दगडातून ऐका.

आता भिंतीच्या मागच्या बाजूचा विचार करा, जी दिसत नाही. तिथे धावत आलेलं पाणी अडतं. वेग जातो. वेग गेला की हातातलं ओझं ठेवावं लागतं. आधी रेती, मग गाळ. तुमच्या ग्लासात जे झालं तेच.

चारशे वर्षं.

चारशे पावसाळे या भिंतीमागे येऊन आपलं ओझं ठेवत आलेत. जेव्हा वर रान भरलेलं होतं तेव्हा थोडं. जेव्हा माळ उघडे पडले तेव्हा जास्त.

ओझं उतरलेलं पाणी खाली पडतं, आणि हलकं झाल्यावर पुन्हा काठ कुरतडायला लागतं. नदीला काहीतरी वाहून न्यायचं असतंच. वरून गाळ जास्त आला तर तिचे डोह भरतात, ती उथळ होते, पसरते, काठ सोडते. कमी आला तर ती खोल उतरते. गावातलं जुनं माणूस सांगतं, अमुक जागी पोहायला डोह होता. आता तिथे गुडघाभर पाणी. डोह कुठे गेला?

तो तिथेच आहे. मातीने भरलेला.

*

आणखी मागे जायचं का? श्वास लांब घ्या, कारण अंतर मोठं आहे.

1987 मध्ये विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी 'नेचर' या नियतकालिकात दख्खनच्या वायव्य भागातल्या नद्यांच्या काठांविषयी लिहिलं. नदीचा उंच मातीचा काठ त्यांनी वहीसारखा वाचला. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस पाऊस दुबळा होता. डोंगरउतारावरचं रान विरळ झालं, माती सुटली, आणि ती पुढे नेण्याइतकं बळ नद्यांत नव्हतं. त्यांची पात्रं भरत गेली. सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस पुन्हा जोमाने आला. उतार हिरवे झाले, माती थांबली, नद्यांना बळ आलं. मग त्या आपल्याच साठवलेल्या गाळात खोल उतरल्या.

आज आपण ज्या उंच काठांवर उभे राहून नदी खाली बघतो, त्यांतले कितीतरी काठ म्हणजे त्या वेळची नदीच.

एक काठ डोळ्यांपुढे धरा. त्यात खाली रेतीची रेघ. वर गाळाचा पट्टा. त्यावर पुन्हा रेघ. ओला उन्हाळा, सुका पावसाळा, गवताचं साल, बिनगवताचं साल.

रेघ. पट्टा. रेघ.

श्वास. विसावा. श्वास.

*

संध्याकाळ झाली आहे. ग्लास अजून दगडावर आहे.

वरचं पाणी पिवळसर दिसतंय. मागे धरलेलं बोट आता दिसतं, अंधूक. बुडाशी थर आहे, नखाएवढा जाड.

तरी पाणी पुरतं निवळलेलं नाही.

जे तरंगतंय ती चिकणमाती. तिचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून बारीक. ग्लासाच्या उंचीइतकं अंतर उतरायला त्याला रात्र लागते. सगळ्यात बारीक कण दिवसचे दिवस उतरत नाहीत. तुरटी फिरवली तर लवकर बसतील. आज फिरवायची नाही.

हा कण सर्वांत हलका, आणि रानाचा कस बराचसा यालाच चिकटलेला. पिकाचं अन्न धरून ठेवतो तो हा. ओल धरून ठेवतो तो हाच. भिंत त्याला अडवू शकत नाही. तो सांडव्यावरून जातो, बोरीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. कुणाच्या तरी रानाचा कस बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागलेला असतो.

त्याला धरू शकतं ते फक्त वर, बांधावर, माळावर आहे. मघा आपण चिमटीत धरून पाहिलं ते.

रात्र होऊ द्या. ग्लास झाकू नका.

*

सकाळ.

पाणी स्वच्छ म्हणावं असं झालंय. अगदी आत एक धुरकट झाक उरली आहे, श्वासाची वाफ काचेवर उरते तशी.

असंच काही महिन्यांनी नदीतही होईल. पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या खंडोबाच्या यात्रेला माणसं येतील तेव्हा पूर ओसरलेला असेल. चैत्र-वैशाखात तलाव आटतील, तळ उघडे पडतील. काही ठिकाणी त्या ओलीवर गाळपेर होईल. आणि काही गावांत ट्रॅक्टर उतरतील. 2017 मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली. पण तळ्यातला गाळ गाडीत भरून रानात टाकणं हे त्याहून कितीतरी जुनं.

एक ट्रॉली बघा. चढ चढतेय, हळू. मागून काळा गाळ थोडा थोडा सांडतोय. वर मुरमाड रान आहे, फिकट, खड्यांचं. ट्रॉली तिथे उलटते. काळा ढीग.

तो शेतकरी खाली वाकतो. मूठभर गाळ उचलतो, दाबतो, मूठ उघडतो. गोळा फुटत नाही.

ही माती बहुधा याच चढावरून खाली गेली होती. केव्हा, कुणाच्या पिढीत, कोण सांगणार.

त्याच्या मुठीकडे बघत राहा, तो ती मिटेपर्यंत.

*

आता ग्लास उचला. सावकाश, थर हलू न देता.

काठाशी गवताचा एक ठोंब आहे. त्याच्या बुंध्याशी आधी वरचं पाणी ओता. हळू. माती ते पिते, आवाज न करता.

बुडाशी गाळ राहिला आहे. तर्जनी आत घाला. गार, मऊ, खाली किंचित करकरीत. वळसा घालून तो सगळा बोटावर घ्या.

ठोंबाच्या मुळांशी लावा. लेप लावतात तसा.

बोटाच्या रेषांत थोडा राहील. राहू द्या. वाळेल तेव्हा कातडी जराशी ओढल्यासारखी होईल, ती जाणवू द्या.

वर आभाळ पुन्हा भरून येतंय. ठोंबाच्या एका पात्यावर पहिला थेंब पडतो. पातं वाकतं, थेंब त्यावरून ओघळतो, बुंध्याशी येतो.

ऐका.